ग्वानयिनच्या गालावरची खळी

सूछिन नावेत चढली तेव्हा झिमझिम सुरू झाली, आणि कुणीतरी मागून छत्री धरली. आभार मानायला ती वळली... तर छत्री तिच्यावर नव्हतीच. तिच्या पाठीवरच्या टोपलीवर होती.

"टोपलीला सर्दी होते का?" तिनं विचारलं.

"आत ग्वानयिन मातेची मूर्ती आहे ना? धुपाचा वास येतोय," छत्रीवाला तरुण म्हणाला. "जुनं कापराचं लाकूड. भिजलं की फुगतं."

"आणि मी?"

त्यानं आत्ता कुठे तिच्याकडे पाहिलं. कान लाल झाले. "तुम्ही... वाळाल."

ती हसली. डाव्या गालावर खळी पडली. तो बघतच राहिला आणि छत्रीचं पाणी त्याच्याच मानेवर ओघळत राहिलं.

पलीकडे उतरल्यावरही दोघांची वाट एकच निघाली. सूछिनला म्हाताऱ्या मूर्तिकाराकडे जायचं होतं, आणि हा छत्रीवाला पेइशंग त्यांचाच नातू होता.

मूर्ती सूछिनच्या पणजोबांच्या काळची. किडीनं नाक, ओठ, गाल सगळं खाल्लं होतं. पेइशंगच्या आजोबांनी आधी मातेला दुरुस्ती होईपर्यंत मूर्तीतून उठून तांदळाच्या वाटीत येऊन बसायची विनंती केली, मग मूर्तीच्या पाठीची झडप उघडून प्रतिष्ठेच्या वेळी ठेवलेली वाळकी औषधी पानं काढली. आता उरलं नुसतं लाकूड.

"माझा हात थरथरतो," ते नातवाला म्हणाले. "चेहरा तू कर."

"आईला ती सहाव्या महिन्यातल्या ग्वानयिनच्या सणाआधी हवी आहे," सूछिन म्हणाली. "बाबा गेल्यापासून आई मनातलं तिच्याशीच बोलते. मातेचा चेहरा किडला तेव्हापासून गप्पच आहे."

जुना चेहरा कसा होता हे सांगायला सूछिन दर बाजाराच्या दिवशी येऊ लागली. कधी चिकट भाताचे लाडू आणी, कधी धुरावलेलं टोफू.

"नाक?" पेइशंग विचारी.

"सरळ. पण माझ्याकडे काय बघता? लाकडाकडे बघा."

"सांगणाऱ्याकडे बघूनच ऐकावं लागतं."

"मग ऐकता कमी आणि बघताच जास्त."

सणाच्या दोन दिवस आधी आई स्वतः आली. डोळे रंगवून मातेला परत बोलवायचं तेवढं राहिलं होतं. पेइशंगनं मूर्तीवरचं लाल कापड दूर केलं.

आईनं जवळ जाऊन पाहिलं. "हिच्या गालावर खळी कधी होती?"

डाव्या गालावर होती. आजोबांनी मूर्तीकडे पाहिलं, मग सूछिनकडे... आणि कपाळाला हात लावला. "अरे, जित्या माणसाचा चेहरा देवाला द्यायचा नसतो, हे तुला चालायच्या आधी शिकवलं होतं."

"मी रोज माझ्याच पोरीपुढे उदबत्ती लावू?" आई म्हणाली. "आणि हिनं भाजी जाळली तर देवीच्या चेहऱ्याला बोलायचं कसं?"

पेइशंगनं पटाशी उचलली, पण ती लाकडाला टेकेना. त्यानं ती खाली ठेवली.

"पुन्हा तेच होईल, काकू. तुम्ही मूर्ती दुसऱ्या कुणाकडे द्या."

सूछिन एक पाऊल पुढे आली. मूर्ती गेली की तिचं इथं येणंही संपणार होतं.

"पुन्हा तेच का होईल?" तिनं हळूच विचारलं.

"बाजाराच्या दिवशी घटकाभर दिसता... मग पुढच्या बाजारापर्यंत हात आठवत बसतात. मी दुसरं काही कोरायला गेलो तरी—"

"मग रोज बघा."

आजोबा उगाच खोकले. आईनं लेकीकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं, आणि अगदी तशीच खळी तिच्याही गालावर पडली.

"आधी माझी माता नीट कर," ती पेइशंगला म्हणाली. "पोरीचं मग बघू. ती काही किडीनं खाल्लेली नाही."

पेइशंगनं पटाशी पुन्हा उचलली. खळी सपाट होईपर्यंत त्यानं सगळा गाल अलगद उतरवत नेला. पातळशी ढलपी खाली पडली, ती सूछिननं उचलून बाहीत ठेवली. चेहरा शांत झाला, कुणा एकीचा न राहता सगळ्यांचा. झडपेत ताजी पानं भरली गेली, अंगावर लाख चढली, आणि नातवानं मनगट धरल्यावर आजोबांनी डोळे रंगवून मातेला परत बोलावलं.

सणाच्या सकाळी तिघं नावेत बसली. टोपली आईच्या पाठीवर होती. झिमझिम आली तशी पेइशंगनं छत्री उघडली.

"अरे," आई नदीकडे बघत म्हणाली, "माझी माता भिजतेय."

"लाख चढवलीय, काकू," तो म्हणाला, आणि छत्री सूछिनवर आणखी थोडी कलती केली. "काही होत नाही तिला."