पडद्याच्या कोपऱ्यातली दोन अक्षरं

दुपारचा डबा घेऊन रहमतबी दुकानात आली, तेव्हा तिचा नवरा फारूक त्या कुलूप लागलेल्या संगणकाशीच झटत बसला होता. मूल गावच्या बाजारात त्याचं टायपिंगचं दुकान. अर्ज, लग्नपत्रिका, धानाच्या गिरण्यांची बिलं, सगळं इथंच व्हायचं. पण हा आतला संगणक भादव्यापासून उघडला नव्हता. तो निशातचा होता. एकुलती एक पोरगी, तापानं फणफणली आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात गेली ती गेलीच. आता आईबापानं काय करावं, सांगा!

त्या संगणकात निशातचा आवाज होता. माइक लावून, अम्मी समोर बसल्यासारखं, काहीबाही बोलून भरून ठेवायची खोड होती तिला. रहमतबीला पोरीचा चेहरा दिसायचा, पण आवाज ती विसरायला लागली होती. "आठवाले बसली, का माझाच आवाज येते," असं ती एकदा म्हणाली, आणि त्या दिवसापासून फारूक पासवर्ड शोधायला बसला.

पासवर्ड अम्मीचं नाव आहे, एवढं निशातनं तापातही सांगितलं होतं. फारूकनं ते नाव हर तऱ्हेनं लिहून पाहिलं. उघडेल तर शपथ! पण लिहायचा तो इंग्रजी अक्षरांत. त्याच्यासारख्या जुन्या टायपिंगवाल्यांची मराठी म्हणजे इंग्रजी कळांवर चढवलेला मराठी फॉन्टचा साज. संगणकाच्या कुलपालाही मराठी चालते, हे त्यांच्या डोक्यात येणार कुठून? पोरगी मात्र चंद्रपूरला जाऊन नवा मराठी कीबोर्ड शिकून आली होती.

त्या कुलपाच्या पडद्यावर, कोपऱ्यात, एक लहानसा चौकोन होता. कळा कोणत्या भाषेच्या, ते दाखवणारा. फारूक तो 'ईएन'वर ठेवायचा, म्हणजे इंग्रजीवर. पाणी प्यायला वळून परत पाहावं, तर तिथं 'एमआर', मराठी. माऊसला कोणाचा हात नाही, की कळेला बोट नाही. तो पुन्हा ईएन करायचा. थोड्या वेळानं पुन्हा एमआर. आणि दर वेळी दुकानात, निशात केसांना लावायची त्या आवळ्याच्या तेलाचा वास दरवळायचा. फारूक अल्लाचं नाव घ्यायचा आणि पुन्हा इंग्रजी करायचा.

दुरुस्तीवाल्या खुशालनं पाहिलं आणि सांगितलं, व्हायरस शिरला, सगळं पुसून नव्यानं भरावं लागते, संध्याकाळी येतो. सगळं पुसायचं म्हणजे आवाजही पुसला जाणार. ती संध्याकाळ आजचीच होती.

डबा उघडायच्या आधीच भारनियमनाची लाइट गेली. टेबलाखालची यूपीएसची बॅटरी चीं चीं करायला लागली. बाहेर आभाळ भरून आलेलं, दुकानात नुसता त्या पडद्याचा निळा उजेड. पंख्याचं फिरणं मंदावत थांबलं, आणि तो तेलाचा वास आला. दोघांच्या डोळ्यांदेखत चौकोनातली अक्षरं बदलली. एमआर.

फारूकचा हात सवयीनं माऊसकडे गेला. रहमतबीनं मनगट धरलं.

"राहू द्या... तिलेच तसं पाह्यजे असन."

रहमतबीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण निशातनं तिची बोटं हातात धरून याच कळांवर तिचं नाव गिरवून घेतलं होतं. मागं एकदा तिनं ते लिहून पाहिलंही होतं, पण तेव्हा फारूकनं चौकोन इंग्रजीवर आणून ठेवलेला. आता ती चाचपडत एकेक कळ दाबू लागली. शेवटच्या कळेवर तिचं बोट पोचायच्या आधीच ती कळ खाली गेली.

कुलूप उघडलं.

आवाज लागला, आणि रहमतबीला रडू आवरेना. निशात हसत होती, अब्बानं पत्रिकेत नवरीचंच नाव गाळलं म्हणून सांगत होती. मग थोडी थांबली.

"अम्मी... ऐकून राह्यली का?"

पुढं काहीच नाही. नुसती शांतता. रहमतबीला राहवलं नाही.

"हो बेटा..."

"मंग जाते मी."

निघताना 'येते' म्हणावं, 'जाते' कधी म्हणू नये, हे रहमतबीनंच तिला शिकवलं होतं. बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला.

संध्याकाळी लाइट आल्यावर फारूकनं खुशालला दारातूनच परत पाठवलं. चौकोन आता ईएनवर होता. किती वेळ वाट पाहिली, पण तो आपसूक काही हलला नाही. शेवटी फारूकनं स्वतःच्या हातानं मराठी केलं, आणि आवाज पुन्हा लावला. निशातचं हसणं होतं. प्रश्न होता. त्यानंतरच्या शांततेत रहमतबीचाच आवाज होता, "हो बेटा...", आणि त्याच्यामागं बॅटरीची चीं चीं. 'जाते' मात्र कुठंच नव्हतं. निशातनं ते बोलणं भरलं होतं मागच्या उन्हाळ्यात, आणि तेव्हा रहमतबी माहेरी पोंभुर्ण्याला होती.

आता ती रोज दुपारी येऊन ते ऐकते. प्रश्न आला, की ओढणीचा बोळा तोंडात कोंबून धरते. आपण हो म्हटलं नाही, तर पोरगी थांबेल, असं तिला वाटतं. पण तिच्या बंद तोंडासमोर तो संगणक तिच्याच आवाजात हो म्हणतो.