मागे पडलेला तास

"मी आजारी माणसांच्या जिवावर उठणारी बाई दिसते का हो? सांगा ना, दिसते का?"

दार ढकलून आत आलेल्या मुलीने खुर्चीत बसायच्या आधीच हा प्रश्न फेकला, आणि तोही क्रिस्पीनवर. तो बिचारा तेरेरेच्या, म्हणजे पाल्याच्या थंड चहाच्या, पेल्यात बर्फाचं पाणी ओतत होता. त्यातलं अर्धं त्याच्या पँटवर सांडलं.

पेर्ला इन्साउर्राल्दे असुन्सिओन शहरात एकोणीस वर्षं खासगी तपासाचं काम करत होत्या. क्रिस्पीन पूर्वी कोर्टात टायपिस्ट होता, आता त्यांच्याकडे टिपणं काढायचा, गाडी चालवायचा आणि बाई बोलायच्या आधी निष्कर्ष काढून मोकळा व्हायचा.

"आधी बस," पेर्लाबाई म्हणाल्या. "हे घे, घोटभर पी. आता पहिल्यापासून सांग."

मुलीचं नाव निमिया काब्राल. पेशाने प्रोग्रामर. 'ला रोंदा' नावाच्या फोरमवर ती सहा वर्षं लोकांच्या अडचणी सोडवत होती. तेरेरेचा पेला जसा घोळक्यात हातोहात फिरतो तसे तिथे प्रश्न फिरायचे. कुणाचा प्रोग्राम अडला की तो प्रश्न टाकणार, दुसरा कुणीतरी उत्तर देणार. सगळं फुकट, सगळं हौसेने.

"या रविवारी डेइसी नावाच्या बाईने विचारलं. ती डायलिसिस केंद्रात काम करते. पेशंटांच्या पाळ्यांचा प्रोग्राम अचानक एक तास मागचं दाखवायला लागला होता."

"म्हणजे घड्याळाचं प्रकरण," क्रिस्पीन म्हणाला. "आमच्या बायकोच्या मायक्रोवेव्हचंही तेच झालं."

त्या आठवड्यात देशभर तोच गोंधळ होता. दर वर्षी मार्चच्या चौथ्या रविवारी घड्याळं तासभर मागे जायची. सरकारने आदल्या वर्षी ती पद्धत कायमची बंद केली. पण ज्या यंत्रांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांनी जुन्या सवयीने त्या रविवारी काटे मागे फिरवले.

"मी सोमवारी उत्तर लिहिलं. यंत्राला नवा नियम कसा शिकवायचा ते. मंगळवारी माझ्या खात्यातून त्या उत्तरात कुणीतरी एक ओळ घुसवली. डेइसीने ती कमांड चालवली आणि पाळ्यांची सगळी यादी साफ! त्रेचाळीस पेशंट. एका आजोबांना दारातून परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी त्यांना उचलून आणावं लागलं." निमियाचा आवाज चिरकला. "आणि लोक म्हणतात, ते मी केलं!"

"काय पुरावा?"

तिने फोन पुढे केला. फोरमचा एक कारभारी, आर्नाल्दो रेकाल्दे, याने मंगळवारी संध्याकाळी तक्रारीसोबत टाकलेला स्क्रीनशॉट होता तो. वर निमियाचं नाव, खाली तिचं उत्तर, मधोमध ती घातकी ओळ. उत्तराखाली बारीक अक्षरांत: 'पंचवीस मिनिटांपूर्वी बदल'. आणि पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ: दुपारचे दोन वाजून पाच मिनिटं.

"सर्व्हर काय म्हणतो?"

"बदल दोन चाळीसला झाला. फोरमची शहरात एक खोली आहे, तिथल्या कॉम्प्युटरवरून. मी त्या खोलीत दीड ते दोन एकटीच होते, हे खरं. पण अडीच ते सव्वातीन मी मुलाखतीत होते! तंत्रशाळेत शिकवायची नोकरी, जागा एकच. तिघं परीक्षक समोर, फोनही दारातच काढून घेतलेले. हे मी फोरमवर सांगितलं तर म्हणतात कसे, फोटो दोन पाचचा आहे आणि त्यात ओळ दिसतेय, म्हणजे सर्व्हरच तासभर चुकलाय, या आठवड्यात सगळ्यांचीच घड्याळं बिघडलीत. खरी वेळ एक चाळीस. त्या वेळी खोलीत कोण होतं? निमिया! झाला निकाल!"

खाली प्रतिक्रियांची रांगच लागली होती. 'मला हिचा पहिल्यापासून संशय होता.' 'हिला तुरुंगात घाला.' 'बाईमाणसाच्या हातात किल्ल्या दिल्या की दुसरं काय होणार!' क्रिस्पीन वाचत गेला तशी त्याच्या डोक्यात तिडीक गेली. पण कोपऱ्यातलं घड्याळ पाहून त्याचं मन जरा डळमळलंही.

"तंत्रशाळेने शुक्रवारी पाचपर्यंत मुदत दिलीय," निमिया म्हणाली. "फोरमने माझं नाव साफ केलं तर नोकरी माझी. नाहीतर ती दुसऱ्या उमेदवाराला."

"दुसरा कोण?"

"आर्नाल्दो."

* * *

"तिनेच केलं असणार," गाडीत बसल्यावर क्रिस्पीन म्हणाला. "वाईट वाटतं, पण फोटो काही खोटा बोलत नाही."

"नाही बोलत," पेर्लाबाई म्हणाल्या. "गाडी बघून चालव."

डायलिसिस केंद्रात डेइसी किन्ताना त्यांना औषधांच्या कपाटाआड घेऊन गेली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"ते उत्तर तू कधी वाचलंस?"

"दोनदा बाई. पहिल्यांदा दोन वाजता. दोनची पाळी बदलते तेव्हा हाताने घंटा देतात ना, ती वाजत होती. पण हेड नर्सच्या परवानगीशिवाय मशीनला हात लावायचा नाही, म्हणून उत्तर वहीत उतरवून घेतलं. तीनला त्या आल्या, म्हणाल्या कर. मग हातातल्या घड्याळात तीन दहा झाले तेव्हा मी पानावरूनच नव्याने कॉपी केलं आणि..."

"वही आहे?"

वही होती. निळ्या शाईत, तिरक्या अक्षरांत निमियाचं उत्तर. पेर्लाबाईंनी ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली. ती घातकी ओळ त्यात नव्हती.

"उतरवताना सुटली असेल," क्रिस्पीन पुटपुटला.

"एवढी नेमकी तीच सुटली?" पेर्लाबाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीचा फोटो काढून घेतला.

फोरमची खोली साखोनिया भागात होती. भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा आणि टेबलावर एक जुनापुराणा कॉम्प्युटर. फोरम सुरू करणारे फुलेन्सिओ मास्तर, निवृत्त गणितशिक्षक, दार उघडून त्यांची वाटच पाहत होते.

"मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय," मास्तर म्हणाले. "मुलगी गुणी आहे हो. पण तीनशे माणसं ओरडतायत, मी एकटा काय करणार?"

"खोलीच्या किल्ल्या कुणाकडे?"

"तिघांकडे. मी, निमिया, आर्नाल्दो. मंगळवारी मी लुके गावी मुलीकडे होतो. जावयाचा वाढदिवस, बावीस माणसं जेवायला. निमिया म्हणते, मुलाखतीच्या घाईत ती इथे लॉगआउट करायला विसरली."

"सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे?"

"मी स्वतः तपासलंय, सोमवारी. पण मी म्हातारा, माझं कोण ऐकतंय?"

क्रिस्पीनला भूक लागली होती. टेबलावरच्या पडद्याकडे पाहून तो म्हणाला, "बाई, आत्ता कुठे सव्वादहा होतायत. कोपऱ्यावर गरम चिपा-पाव मिळेल. खाऊन मग त्या आर्नाल्दोकडे जाऊ."

"सव्वाअकरा झालेत," पेर्लाबाई मनगटाकडे पाहून म्हणाल्या. "त्याने साडेअकराला बोलावलंय."

क्रिस्पीनने चष्मा पुसला आणि वय झालं असं मनातल्या मनात म्हणाला.

"हा कॉम्प्युटर अपडेट करता का, मास्तर?"

"छे! चालतोय ना? मग कशाला हात लावायचा? मी सगळ्यांना बजावून ठेवलंय, याला कुणी हात लावायचा नाही."

* * *

आर्नाल्दो रेकाल्देचं घर थंडगार होतं आणि टेबल आरशासारखं स्वच्छ. माणूस पस्तिशीचा, बोलायला गोड.

"मला काय आनंद झालाय का?" तो म्हणाला. "निमिया मला बहिणीसारखी. पण पेशंटांचा प्रश्न होता. गप्प कसा बसणार?"

"त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. जेवलो, सिएस्ता घेतली, उठून याच लॅपटॉपवर फोरम उघडला तर हे दिसलं. लगेच फोटो काढला. दोन वाजून पाच मिनिटांनी. वेळ कोपऱ्यात आहेच."

"तुमच्या लॅपटॉपचं घड्याळ त्या रविवारी मागे गेलं होतं का हो?" पेर्लाबाईंनी सहज विचारलं.

आर्नाल्दो हसला. "बाई, माझ्या मशीन मी महिनाभर आधीच अपडेट केल्या. रविवारी सकाळी फोरमवर लिहिलंसुद्धा, ज्याचं घड्याळ आज मागे गेलं त्याने स्वतःला प्रोग्रामर म्हणवू नये. अर्ध्या लोकांना झोंबलं."

लॅपटॉपच्या कोपऱ्यात अकरा सदतीस दिसत होते. पेर्लाबाईंच्या मनगटावरही तेच.

"आभारी आहे," त्या उठल्या. "शुक्रवारी तीनला खोलीवर या. मास्तरांनी सगळ्यांना बोलावलंय."

* * *

शुक्रवारी पंखा गरगरत होता आणि तरी सगळे घामाघूम होते. मास्तर, डेइसी, आर्नाल्दो बसले होते. निमिया भिंतीला टेकून उभीच होती. बस म्हटलं तरी बसेना.

"एका तासाची गोष्ट आहे," पेर्लाबाई म्हणाल्या. "फोटो म्हणतो, दोन पाचला ओळ होती. सर्व्हर म्हणतो, ती दोन चाळीसला घातली गेली. दोन्ही घड्याळं बरोबर असू शकत नाहीत. तुम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलंत, सर्व्हर चुकला. कारण तसं ठरवलं की निमिया सापडते. आता मला सांगा, त्या रविवारी जी घड्याळं चुकली ती कुठल्या बाजूला चुकली?"

"मागे," मास्तर म्हणाले.

"सगळी?"

"सगळी. पुढे कशी जातील? नियमच मागे जायचा होता."

"मग सर्व्हर चुकला असता तर तोही मागेच पडला असता. त्याच्या दोन चाळीसचे खरे तीन चाळीस झाले असते. एक चाळीस कसे होतील? मागे पडलेलं घड्याळ वेळ पुढची कशी दाखवेल?"

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "चौथीच्या पोराला कळेल हे! आणि आम्ही तीनशे प्रोग्रामर!"

"तुम्ही हिशेब करतच नव्हतात, तोंडसुख घेत होतात. बरं, तीन चाळीसही नव्हेत, कारण तीन दहाला यादी साफ झाली होती. आणि दोनला, घंटा वाजत असताना, डेइसीने उत्तर वहीत उतरवलं ते स्वच्छ होतं. म्हणजे ओळ दोन आणि तीन दहाच्या मध्ये आली. सर्व्हरचे दोन चाळीस अगदी बरोबर. त्या वेळी निमिया तीन परीक्षकांसमोर बसली होती."

निमियाने डोळे मिटून घेतले.

"मग फोटो खोटा?" क्रिस्पीनने विचारलं.

"फोटो खरा आहे. उत्तराखाली काय लिहिलंय? पंचवीस मिनिटांपूर्वी बदल. दोन चाळीस अधिक पंचवीस, किती?"

"तीन पाच."

"आणि कोपऱ्यात दिसतात दोन पाच. ज्या मशीनवर हा फोटो काढला ती बरोबर एक तास मागे होती." पेर्लाबाई आर्नाल्दोकडे वळल्या. "तुमचा लॅपटॉप तर मागे गेलाच नाही. तुम्हीच सांगितलंत. फोरमवर लिहून ठेवलंत. मग हा फोटो कुठल्या मशीनवर काढलात?"

आर्नाल्दोने ओठांवरून जीभ फिरवली. क्रिस्पीनचं लक्ष टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरकडे गेलं. सव्वातीन झाले होते. तिथे सव्वादोन दिसत होते.

"अरे देवा," तो म्हणाला. "म्हणजे माझे डोळे ठीक आहेत!"

"तू त्या दिवशी वाचलंस ते बरोबर वाचलंस. याला मास्तर हात लावू देत नाहीत. हा आपला जुन्या सवयीने मागेच चालतोय."

"समजा मी इथे आलोही असेन," आर्नाल्दो घाईने म्हणाला. "विसरलो असेन. फोटो काढला म्हणजे ओळ मी घातली असं थोडंच होतं?"

"ओळ याच कॉम्प्युटरवरून गेली. किल्ल्या तीन. मास्तर लुकेला बावीस माणसांत, निमिया मुलाखतीत. तिसरी किल्ली कुणाची? तुम्ही इथे आलात, निमियाचं खातं उघडं दिसलं आणि डोक्यात किडा वळवळला. ओळ घातलीत. कुणी दुरुस्त करायच्या आत पुरावा हवा, म्हणून बसल्या जागी फोटो काढलात. संध्याकाळी तक्रार लिहिताना फोटोतली वेळ तशीच उतरवलीत. दुपारभर घरी होतो हे खोटं बोलायची गरज निर्दोष माणसाला का पडेल?"

आर्नाल्दो मास्तरांकडे पाहू लागला. मास्तरांनी मान फिरवली.

"मला वाटलं नव्हतं ती लगेच चालवेल," तो शेवटी पुटपुटला. "कुणीतरी आधी बघेल, ओरडा होईल, निमियाचं नाव खराब होईल, बस. एवढंच."

"एवढंच?" डेइसी ताडकन उठली. "एवढंच? त्या आजोबांना मी स्वतः दारातून परत पाठवलं रे! यादीत नाव नाही म्हणून! तुला हिची नोकरी पाहिजे होती तर हिच्याशी भांडायचं होतंस. माझ्या पेशंटांनी तुझं काय घोडं मारलं होतं?"

मास्तरांनी हात पुढे केला. आर्नाल्दोने किल्ली काढून त्यावर ठेवली.

"केंद्राने पोलिसात तक्रार दिलेली आहे," पेर्लाबाई म्हणाल्या. "हे सगळं लेखी त्यांच्याकडे जाईल. तुम्ही आधी पोचलात तर बरं."

तो गेला. मास्तर लगबगीने कॉम्प्युटरपाशी बसले.

"पोरी, पाचच्या आत तंत्रशाळेला पत्र पाठवतो. आणि फोरमवरची ती सगळी घाण आत्ता पुसून टाकतो. तीनशे बारा प्रतिक्रिया. कुणाला दिसायलाच नकोत."

"हात लावू नका!" निमिया पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. मास्तर दचकले.

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..."

"माझ्या भल्यासाठी? मास्तर, सहा वर्षं मी या लोकांना उत्तरं दिली. ताप असताना दिली. त्यातल्या एकाने, एकाने तरी मला फोन करून विचारलं, निमिया, खरं काय झालं? तुम्ही विचारलंत?"

मास्तरांची मान खाली गेली.

"पत्र पाठवा. तेच पत्र त्या तीनशे बारांच्या खाली टाका, तुमच्या नावाने. वरचं एक अक्षर पुसायचं नाही. ज्याने जे लिहिलंय ते त्याच्या नावासकट तिथेच राहू दे."

"लोकांना फार लागेल गं. बिचारे आर्नाल्दोमुळे फसले."

"आर्नाल्दोने एकच ओळ घातली, मास्तर," निमिया म्हणाली. "बाकीच्या तीनशे बारा तुम्ही सगळ्यांनी लिहिल्यात."

मास्तरांनी पुसण्यासाठी उघडलेलं पान बंद केलं. मग त्यांनी पत्र लिहायला घेतलं.