दाराआडची वही

वह्या टांगायची कल्पना हवालदाराचीच होती, आणि हे तो कुणालाही विसरू देत नसे. नऊ वर्षांपूर्वी टेकडीवर एक म्हातारा आपल्या घरात मरून पडला आणि गावाला ते आठ दिवसांनी कळलं. त्यानंतर हवालदारानं गावातल्या एकट्या राहणाऱ्या अकरा वृद्धांची यादी केली, प्रत्येकाच्या दाराआड खिळा ठोकला आणि सुतळीनं एकेक वही टांगली. पहिल्या पानावर नाव, वय, आजार, घरात एकूण माणसं. पुढच्या पानांवर रकाने: तारीख, वेळ, शेरा, सही. मंगळवारी आणि शुक्रवारी पोलिसानं जायचं, थोडा वेळ बसायचं, विचारपूस करायची आणि वहीत लिहून यायचं. जो एकटा, त्याच्याच घरी वही, हा नियमही त्याचाच. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता. तो कापून त्यानं ठाण्यातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता आणि त्यावर कुणी चहाचा कप टेकवला की त्याच्या कपाळाला आठ्या पडत.

पुढे गुडघे बोलू लागले. सपाटीवरची सहा घरं तो कशीबशी उरकायचा, पण टेकडीवरची पाच जिवावर यायची. मग त्यानं एक शहाणपण काढलं. तपासणीच्या नावाखाली दर एक तारखेला तो टेकडीवरच्या वह्या पोस्टमनच्या हाती मागवून घ्यायचा, ठाण्यात पंख्याखाली बसून अख्खा महिना आगाऊ भरून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या पोस्टमनच्याच हाती परत पाठवायचा. चार दहा, ठीक आहे, तक्रार नाही, सही. चार पस्तीस, ठीक आहे, तक्रार नाही, सही. वही वाचतंय कोण? वर्षभरात टेकडीवरून कुणाची कुरकुर आली नाही, तेव्हा सगळं सुरळीत आहे असं त्यानं धरलं. या हिशेबात काहीतरी चुकतंय, हे त्याच्या तेव्हा ध्यानातही आलं नाही.

एका सोमवारी सकाळच्या हजेरीला फौजदारबाईंनी एक पत्र वाचून दाखवलं. त्या या ठाण्याला नव्या होत्या, मोजकं बोलायच्या. पत्र टेकडीवरच्या निवृत्त शिक्षिकेचं होतं.

"आमच्याकडे येणाऱ्या पोलिसांना मी नाव विचारलं तर ते नुसते हसतात," शिक्षिकाबाईंनी मोठाल्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं. "पण वर्षभरात त्यांचा एकही मंगळवार चुकला नाही, एकही शुक्रवार नाही. गेल्या आठवड्यात माझ्या शेगडीचं बटण सुरू राहिलं होतं, खोलीभर गॅस झाला होता. ते आले म्हणून मी आज हे पत्र लिहिते आहे. इतक्या मायेनं माझं कुणी ऐकून घेतलं नव्हतं, पोटच्या लेकानंही नाही."

"टेकडी तुमच्याकडे ना, हवालदार?" फौजदारबाई म्हणाल्या. "शाब्बास."

टाळ्या पडल्या. हवालदार मान खाली घालून हसला. लोकांना तो संकोच वाटला. त्याच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याच्या वहीवर, त्याच्या टेकडीवर, त्याच्या म्हाताऱ्यांवर कुणीतरी डल्ला मारला होता, आणि त्याला ब्र काढता येत नव्हता. काढला असता तर मग तुम्ही कुठे होतात, हा प्रश्न आलाच असता.

"साहेब, मलाही शिकवा की जरा," नवा शिपाई जवळ येऊन म्हणाला. चार महिन्यांपूर्वी रुजू झालेला, दिसायला गोजिरा, ज्याला त्याला नमस्कार करणारा. हवालदाराला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होता. टेकडीवर जाणारा तोच, अशी आता खात्रीच पटली.

दुपारी जेवताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं, आगाऊ सह्यांचं तेवढं वगळून.

"मग वाईट काय झालं?" ती म्हणाली. "म्हातारीचा जीव वाचला."

"तुला नाही कळायचं. ती जागा माझी आहे."

"अहो, आरशातल्या माणसाला कुणी नमस्कार केला तरी तुमच्या पोटात दुखेल." ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "परक्यांच्या घरी जाऊन ऐकत बसता, आणि मी बोलायला लागले की तुमचे बूट पायात. इथंही बसा की कधी दहा मिनिटं."

तेवढ्यात त्याचे बूट पायात गेलेच होते.

वर्षभरानं तो टेकडी चढला. तीन ठिकाणी थांबून दम खाल्ला. शिक्षिकाबाईंच्या घरी एक लोखंडी खाट, भिंतीशी पुस्तकं, खिडकीपाशी वेताची बुटकी खुर्ची. बाईंची नजर अधू झाली होती. त्यांनी दार उघडून डोळे बारीक केले.

"आज सोमवार. तुम्ही कोण?"

"हवालदार. वह्या मीच सुरू केल्या, बाई."

"हो, हो. तुम्ही होतात सुरुवातीला." त्यांच्या आवाजात आदर होता, पण तो पाहुण्याला देतात तसला. तो वेताच्या खुर्चीत बसू लागला तसा त्यांचा हात पुढे आला. "तिथं नको. खाटेवर बसा ना. ती त्यांची खुर्ची आहे."

"दिसायला कसा आहे तो? तरुण? गोरा?"

"मला चेहरा कुठला दिसायला? चहा देताना हात लागतो तेवढाच. डाव्या अंगठ्याचं नख उभं चिरलेलं आहे त्यांचं."

हवालदारानं डावा हात खिशात घातला. कोठडीचं दार अंगठ्यावर आदळलं त्याला अकरा वर्षं झाली होती. नख सरळ कधी उगवलंच नाही.

योगायोग, त्यानं मनाशी म्हटलं. पोलिसांच्या हातांना काय कमी लागतं?

वरच्या वळणावर म्हातारे घड्याळजी राहायचे. त्यांच्या भिंतीवर चौदा घड्याळं होती आणि चौदाही एकच वेळ दाखवत होती. "तुमच्या माणसावर लावतो मी ही," ते म्हणाले. "चार पस्तीसला त्याचं पाऊल उंबऱ्यात पडतं. सेकंदाचा फरक नाही. पाच वाजेपर्यंत बसतो. माझी बायको कशी गेली ते मी त्याला तीस वेळा सांगितलं असेल, पण एकदाही त्यानं 'हे सांगून झालंय' म्हटलं नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. हवालदाराला ते बघवेना.

ठाण्यात परत येऊन त्यानं नव्या शिपायाला कोपऱ्यात घेतलं. "मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता कुठे असतोस?"

"शाळेच्या चौकात, साहेब. सुटायच्या वेळेला रोज तिथंच असतो मी."

"रोज?"

"मी स्वतः बघते तिथून जाताना," फौजदारबाई आतून म्हणाल्या. "का हो, हवालदार? काही तक्रार?"

"तक्रार नाही," तो म्हणाला, आणि आपलेच शब्द कानावर पडताच त्याला कसंतरी झालं.

मग कोण? दुसऱ्या दिवशी तपासणीचं निमित्त करून त्यानं पाचही वह्या वेळेआधीच मागवून घेतल्या आणि ओळीनं टेबलावर मांडल्या. सगळं अक्षर त्याचं. दुसऱ्या कुणाची एक रेघसुद्धा नाही. बोट फिरवता फिरवता ते एका जागी थांबलं. गेल्या तीन तारखेच्या, शुक्रवारच्या नोंदीत, झोपेच्या भरात त्यानं एक चूक करून ठेवली होती. घड्याळजींच्या वहीत चार पस्तीस, आणि टेकडीच्या पार दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त परिचारिकेच्या वहीतही चार पस्तीस. एका घरून दुसऱ्या घरी पोचायला धडधाकट माणसाला पंचवीस मिनिटं लागतात.

त्यानं परिचारिकेला फोन लावला. ती बाई कडक होती. आयुष्यभर रुग्णांच्या तापाच्या वेळा लिहिलेली, उगाच काही ठोकून देणारी नव्हती.

"तीन तारखेला? चार पस्तीसला आले. पाचपर्यंत होते. माझ्या पायाला त्यांनीच पट्टी बांधली."

घड्याळजींना विचारलं. ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "चार पस्तीस ते पाच. चौदा साक्षीदार आहेत माझ्याकडे."

हवालदारानं फोन ठेवला. त्याला भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण त्या भीतीच्या वर, दुधावर साय धरावी तसा, मत्सर होता. त्यानं खोटं लिहिलं होतं, आणि कुणीतरी ते जिथल्या तिथे खरं करत होतं. त्याच्यापेक्षा चांगलं करत होतं.

वह्या परत गेल्या. शुक्रवारी पावणेचारलाच तो शिक्षिकाबाईंच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. ऊन लख्ख होतं. रस्ता वरपर्यंत दिसत होता, खालपर्यंत दिसत होता. एक कुत्रं गेलं. एक सायकलवाला गेला. चार दहा झाले. कुणी आलं नाही.

आतून बाईंचा आवाज येऊ लागला. त्या बोलत होत्या, थांबत होत्या, हसत होत्या. थांबत होत्या तेव्हा कुणीच बोलत नव्हतं.

साडेचारला तो तरातरा आत शिरला. बाई मोरीत दोन कप विसळत होत्या.

"कुठे आहे तो?"

"आत्ताच गेले."

"कुठून? मी दारातच होतो!"

"दारातूनच गेले. तुम्हाला घासून गेले की." बाईंचा स्वर दुखावलेला होता. "बाहेर उभे होतात ते तुम्हीच ना? ते म्हणाले, माझ्यावर रागावलेत. ओळखसुद्धा दाखवत नाहीत."

त्यानं वेताच्या खुर्चीवर हात ठेवला. ती ऊबदार होती.

हवालदारानं दाराआडची वही ओढून घेतली. खिशातून लाल पेन काढलं आणि महिन्याच्या उरलेल्या सगळ्या नोंदींवर आडव्या रेघा मारल्या. रद्द. रद्द. रद्द. त्याच पावली तो उरलेल्या चारही घरी गेला आणि तिथंही तेच केलं. घड्याळजी बघत राहिले. "का हो?" ते म्हणाले. "त्यानं काय वाकडं केलं तुमचं?" हवालदारानं पेनाला टोपण लावलं. उतरताना गुडघे दुखत होते, पण छाती हलकी झाली होती. आता बघू कोण येतो ते.

कुणीच आलं नाही. मंगळवारपासून तो स्वतः जाऊ लागला, ठरल्या वेळी, खरोखर. खाटेवर बसायचा, विचारपूस करायचा, लिहायचा. बाई चहा द्यायच्या, पण त्यांचं लक्ष दाराकडे असायचं. "तुमचं मन सारखं घड्याळात असतं," त्या एकदा म्हणाल्या. परिचारिकेनं पायाची पट्टी त्याला सोडू दिली नाही. घड्याळजींची चौदा घड्याळं आता चौदा वेगवेगळ्या वेळा दाखवत होती. हवालदाराला ते सगळं लागत होतं. पण दुसरा हटला, याचं समाधान त्याहून मोठं होतं. तीन आठवडे तो त्या समाधानावर टेकडी चढला.

तिसऱ्या शुक्रवारी तो सहाला घरी परतला. उन्हं अजून ओसरीवर होती. आत बायको गुणगुणत होती. ती गुणगुणते हे तो विसरूनच गेला होता. मोरीत दोन कप पालथे घातलेले होते.

"अगं, कुणी आलं होतं का?"

"कोण येणार?" ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मग दोन कप?"

"अहो, पुरे झाली थट्टा." ती हसली. ते हसू त्यानं तेवीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं. "चार दहाला आलात, तासभर बसलात. माहेरचं सगळं बोलून झालं माझं. किती वर्षांचं साठलं होतं."

"आज?"

"आज, मंगळवारी, गेल्या शुक्रवारी. तीन आठवडे झाले की. मी कुणाला सांगितलं नाही, म्हटलं दृष्ट लागायची." तिनं पदराला हात पुसले. "इतकं कधी ऐकून घेतलं नव्हतंत हो तुम्ही माझं."

त्याच्या खुर्चीतली उशी दबलेली होती. तो तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि त्याच्या आत भडका उडाला. टेकडी घेतलीस ती घेतलीस. हे माझं घर आहे.

"तो मी नव्हतो," तो ओरडला.

स्वयंपाकघरातून उत्तर आलं नाही. गुणगुणणं तेवढं पुन्हा सुरू झालं, जणू काही कानावर पडलंच नव्हतं.

बाहेर पायरीवर काहीतरी वाजल्यासारखं झालं. त्यानं धावत जाऊन दार धाडकन लावून घेतलं आणि कडी घातली.

दाराआड एक खिळा होता. तो त्यानं ठोकलेला नव्हता.

खिळ्याला सुतळीनं वही टांगलेली होती.

त्यानं ती उघडली. मंगळवार, चार दहा, ठीक आहे, तक्रार नाही. शुक्रवार, चार दहा, ठीक आहे, तक्रार नाही. पहिली नोंद त्यानं लाल रेघा मारल्या त्याच्या पुढच्याच मंगळवारची. अक्षर त्याचं, सही त्याची. पानं उलटत गेला तरी नोंदी संपेनात. पुढचा महिना भरलेला होता, त्याच्या पुढचाही.

त्यानं पहिलं पान काढलं. वर बायकोचं नाव होतं. खाली वय, बरोबर. आजार, नाही.

घरात एकूण माणसं: एक.