बेरजेत एक जास्त

खरं-खोटं करायचं असेल तर माझ्याशी वाद घालू नका. शेवटपर्यंत फोनवर मीच होतो.

शनिवारची टळटळीत दुपार. माझा आत्तेभाऊ ऑफिसात होता.

हा माणूस म्हणजे स्वतः एकटा शहाणा, बाकी जग मठ्ठ. सख्ख्या आईलाही "तुला काय कळतंय?" म्हणणारा.

त्याची कंपनी लिफ्टची देखभाल करते. गावभरच्या लिफ्टच्या प्रत्येक फेरीची नोंद तिथे साठते. एवढ्या नोंदी रोज कोण चाळणार? म्हणून इमारतवार बेरजा आधीच करून ठेवतात. साहेबलोक तेवढ्याच बघतात. त्या बेरजा ताज्या ठेवणं हे याचं काम.

त्या दुपारी बेरजा तपासणारी टेस्टिंगवाली बाई म्हणाली, "सर, आपल्याच इमारतीची बेरीज जुळत नाही. एक फेरी जास्त येतेय. मूळ नोंदीत ती नाहीच."

"तुम्हाला मोजता येत नाही, हा माझा दोष नाही."

त्याने बेरीज पुसली. मूळ नोंदींवरून नव्याने केली.

पुन्हा एक जास्त.

फेरी खाली जाणारी... माणूस एक.

"सर, आज जिन्याने जाऊ या."

"तुम्ही जा. घाबरटांसाठीच असतात जिने."

बाई निघून गेली. हा लिफ्टपाशी आला.

बटण दाबायच्या आतच... दार उघडलं.

आत कुणी नव्हतं.

त्याने पाऊल ठेवलं आणि घंटा कोकलायला लागली. वजन जास्त!

हा काडीपैलवान. आणि एकटा.

तो बाहेर आला. घंटा थांबली. दार मिटलं.

लिफ्ट खाली गेली...

"भंगार बसवून ठेवलंय गाढवांनी," म्हणत हा जिन्याने उतरला. खाली वॉचमन त्याच्याकडे बघतच राहिला.

"साहेब, परत वर कधी गेलात? आत्ताच तर लिफ्टमधून उतरून बाहेर पडलात."

"डोळे तपासून घे आधी!"

रस्त्यावर येऊन त्याने मला फोन लावला. सगळं सांगितलं. बाईला हसला, वॉचमनला हसला. पण मध्येच हळूच म्हणाला, "फोन ठेवू नकोस रे."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे काही मागितलं होतं.

मी ठेवला नाही. त्याचं घर आलं. बेल वाजली. कडी निघाली...

आणि आतून आवाज आला.

आत्तेभावाचाच.

"नमस्कार. कोण पाहिजे आपल्याला?"

इतक्या अदबीने तो जन्मात कुणाशी बोलला नव्हता.

फोन कट झाला.

मी धावत त्याच्या घरी गेलो. सोफ्यावर बसला होता. वहिनी म्हणाली, "हे तर केव्हाचे आलेत." बेल तिने ऐकलीच नव्हती. त्याने उठून मला स्वतःच्या हाताने पाणी दिलं.

मी ते प्यायलो नाही.

सोमवारी टेस्टिंगवालीने तपासलं. बेरीज जुळत होती. कुणी हात लावला नव्हता. मूळ नोंदीतच एक फेरी वाढली होती.

हल्ली तो कुणाला टाकून बोलत नाही. आत्या आनंदात आहे. "पोरगा सुधारला," म्हणते. तिला काय सांगू?

परवा तो माझ्या घरी आला. मी दार उघडलं नाही. आतूनच म्हणालो, झोपलोय.

"काही हरकत नाही," तो शांतपणे म्हणाला. "मी थांबतो."