सुनेच्या तोंडचे शब्द

मी बोलायला तोंड उघडलं, की माझी धाकटी बहीण डोळे मिटते.

सख्ख्या थोरल्या बहिणीसमोर!

तोमे अकरा वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. तेव्हापासून ती ओठांवरून बोलणं वाचते. म्हणजे तिनं डोळे मिटले, की माझ्या तोंडावर दार आपटल्यासारखंच झालं. मासळीवाल्याकडे बघते, शेजारणीकडे बघते. फक्त माझे ओठ हलले, की मिटले डोळे.

लोक म्हणतात, वय झालं तिचं. कसलं वय! माझ्याहून सात वर्षांनी लहान आहे.

तिचं कारण मला ठाऊक आहे. आज तेच लिहिते. मी चार यत्ता शिकलेली बाई, मला रचून सांगता येत नाही. जसं घडलं तसं सांगते. पटत नसेल त्यानं पान उलटावं.

जपानात तायशो राजाचं पंधरावं वर्ष, म्हणजे १९२६. नोव्हेंबर महिना. गाव कानाझावा.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारचा अडीचचा खेळ होता.

फुकुजू-कान हे आमचं थिएटर. नवऱ्यामागे मीच ते चालवत होते. दाराशी बसून लोकांच्या लाकडी खडावा ठेवून घ्यायच्या, आत बसायला उशा द्यायच्या, शेगडीतले निखारे बघायचे. तेव्हा चित्रं मुकी असत. पडद्याशेजारी बेन्शी उभा राहायचा आणि राजा, चोर, नवरी, म्हातारी, सगळ्यांचं बोलणं एकटा बोलायचा. माझा मुलगा गेन्झो बेन्शी होता. असा आवाज गावात दुसरा नव्हता. खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता.

तोमेला चित्रपटांचं वेड. म्हणायची, "ताई, तिथं सगळे माझ्यासारखे. कुणालाच ऐकू येत नाही."

आणि भलत्या जागी हसायची! पडद्यावर नायक बापाच्या प्रेताशी रडतोय, गेन्झोच्या आवाजानं सगळ्या बाया किमोनोच्या बाह्या भिजवतायत, आणि ही खिदळते. काय झालं विचारलं तर म्हणे, "तो रडत नाहीये गं. म्हणतोय, लवकर आटपा, माझ्या पायात गोळा आलाय."

माझी सून मिसाओ. तिनं क्योतोत एका चित्रपटात काम केलं होतं, नावाड्याच्या मुलीचं. त्यात एकदा तिचा चेहरा पडदाभर दिसायचा. नदीकाठी उभी राहून ती काहीतरी बोलायची. घरी तिनंच हसत सांगितलं होतं, "सासूबाई, मी तिथं नुसते आकडे म्हटलेत. एक ते वीस. दिग्दर्शक म्हणाला, ओठ हलले म्हणजे झालं."

त्याच वर्षी फेब्रुवारीत तिला दुसऱ्या चित्रपटासाठी बोलावणं आलं. गेन्झो म्हणाला, जायचं नाही. ती म्हणाली, जाणार.

मग एका सकाळी गेन्झोनं सांगितलं, "गेली. न सांगता पहिल्या गाडीनं."

पाचव्या दिवशी तिचं प्रेत घरातूनच उचललं. छातीत थंडी भरली, असं डॉक्टरनं लिहिलं. स्टेशनातून बर्फात परत आली म्हणून आजारी पडली, असं मी गावाला सांगितलं.

मधल्या दिवसांत मोलकरणीनं मला एकदा विचारलं होतं, "बाईसाहेब, मागच्या कोठीत काही वाजतंय का?"

मी म्हटलं, "उंदीर असतील."

नोव्हेंबरात तिचं ते चित्र फिरत फिरत आमच्याच गावी आलं. लोक म्हणाले, लावा. मेलेल्या सुनेचा चेहरा बघायला गाव लोटलं. आणि माझा गेन्झो तिच्या तोंडी शब्द घालायला उभा राहिला.

"पतीदेव... चूक माझीच होती. तुमचं ऐकलं नाही. मला क्षमा करा..."

चित्रात असलं काही नव्हतं. पण बाया हुंदके द्यायच्या. तो रोज नवीन क्षमा मागायला लावायचा तिला. रोज थोडी जास्त.

तोमे पुढे, डाव्या कोपऱ्यात बसायची. तिथून पडदाही दिसायचा आणि लहान दिव्यात उजळलेलं गेन्झोचं तोंडही.

पहिल्या दिवशी तिनं मिसाओबरोबर आकडे म्हटले. आठ, नऊ, दहा...

अकरा आलाच नाही.

तिथं ओठ थांबले. मग एकच शब्द.

पाणी.

तोमेला वाटलं, आपले डोळे थकले.

दुसऱ्या दिवशी ती आधीपासून सरसावून बसली. एक, दोन, तीन, चार...

पाचाला ओठ थांबले.

कडी काढा.

तोमेच्या हातातली शेंगदाण्यांची पुडी खाली सांडली. मागची बाई तिच्या पाठीला ढोसत म्हणाली, "ए बहिरे, बूड टेक की खाली!" तोमेला ते कळलं नाही. ती वर बघत उभीच होती.

खेळ सुटल्यावर ती माझ्याकडे आली. "ताई, मिसाओ आकडे म्हणत नाहीये."

"मग काय गाणं म्हणतेय?"

"कडी काढा म्हणते. काल पाणी मागत होती."

मी तिचा दंड धरला. तिला नीट दिसावं म्हणून तोंड अगदी जवळ नेलं. "हे दुसऱ्या कुणाला बोललीस, तर बर्फ पडायच्या आत तुला या घरातून बाहेर काढीन. खोटं वाटतं?"

"नाही वाटत," ती म्हणाली.

तिला दुसरं घर नव्हतं. ती गप्प बसली.

तिसरा दिवस. थिएटर खच्चून भरलेलं. मी दाराशी खडावांपाशी. आतून शामिसेनची तार ऐकू येत होती.

तोमे कोपऱ्यात.

पडद्यावर नदी आली. काठ आला. मग मिसाओचा चेहरा...

आज आकडे नव्हतेच.

गेन्झोनं सुरू केलं, "पतीदेव, मी पापिणी..."

आणि थांबला.

शामिसेन थांबलं. वाजवणाऱ्यानं नंतर सांगितलं, बोटंच उचलेनात.

तोमेनं पडद्याकडे पाहिलं. मग गेन्झोकडे. पुन्हा पडद्याकडे.

दोन्ही तोंडं एकसारखी हलत होती.

तेच शब्द. तोच श्वास. एकाच वेळी.

तीन दिवस... नाही, लग्न झाल्यापासूनच तो तिच्या तोंडी शब्द घालत आला होता. आज ती त्याच्या तोंडून बोलत होती.

आवाज माझ्या मुलाचाच होता. तो मी दारातून ऐकला. आजही ऐकते.

"कडी काढा. मी नाही जात क्योतोला. कुठ्ठे जात नाही. पाणी द्या... भिंतीवरचं दव चाटून झालं. बोटं वाकत नाहीत आता..."

लोक रडत होते. कुणीतरी ओरडलं, "वा, गेन्झो!"

गेन्झोच्या गालांवरून घाम ओघळत होता. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा दाबून धरला. तोमेनं ते पाहिलं. जबडा दाबलेला, तरी ओठ हलतच होते.

"सासूबाई... तुम्ही रोज सकाळी कोठीवरून जाता. कमरेची किल्ली वाजते. मला आतून ऐकू येते..."

माझा हात कमरेला गेला.

हो. किल्ली माझ्याकडेच असायची. गेन्झोनं मागितली, मी दिली. त्यानं परत आणून दिली, मी कमरेला लावली. कशाला हवी, ते विचारलं नाही. घरच्या पुरुषाला मी कधी कशाचा जाब विचारलेला नाही.

आत टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या! लोकांना वाटलं, गेन्झोनं नवं कथानक रचलं.

गेन्झो तिथंच खाली बसला. त्यानंतर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. अकरा वर्षं जगला, शब्द नाही. पण जेवताना कधी कधी ओठ हलायचे. तोमे तेव्हा ताट घेऊन उठून जायची.

संध्याकाळी चित्र फिरवणाऱ्या आमच्या यंत्रवाल्यानं ती फीत पांढऱ्या चादरीवर उलगडली. भिंग लावून एकेक चित्र बघितलं. नदी होती. मिसाओ होती.

पण प्रत्येक चित्रात तिचं तोंड मिटलेलं होतं.

यंत्रवाल्यानं भिंग खाली ठेवलं आणि टोपीसुद्धा न घेता घरी गेला. पुन्हा आला नाही.

तरीही सगळं निभावलं असतं. गाव त्याला कलाच समजत होतं.

पण आठवड्याभरानं मिसाओची आई आली. ओत्सुहून, एकटी, पाठीला गाठोडं. मी चहा दिला. सांगितलं, "छातीत थंडी भरली हो. नशीब."

म्हातारी तोमेकडे वळली. "तुम्ही सांगा. कुठं गेली माझी मिसाओ?"

मी तोमेकडे पाहिलं. तिनंही माझ्या ओठांकडे पाहिलं. मी आवाज न करता काय म्हटलं, ते तिला स्पष्ट दिसलं.

तरी ती म्हणाली, "कोठीत."

म्हातारी कोठीत गेली. दाराच्या आतल्या बाजूवरून हात फिरवत राहिली, आंधळ्यासारखा. दारावरच्या मातीच्या लेपात नखांच्या खुणा होत्या. खालपासून... अगदी खालपासून. ती रडली नाही. चहाही तसाच टाकून गेली.

त्यानंतर आमच्या दाराशी कुणी खडावा काढल्या नाहीत. वसंतात फुकुजू-कानला कुलूप लागलं.

आणि तोमेनं माझ्यासमोर डोळे मिटायला सुरुवात केली.

परवा मी तिला खांद्याला धरून हलवलं. तिच्या पापण्या बोटांनी उघडल्या. "काय दिसतं तुला माझ्या तोंडात, सांग!"

तिनं पाहिलं. मी बोलायची थांबले होते. तरी ती माझ्या ओठांकडे बघतच राहिली... कितीतरी वेळ.

मग म्हणाली, "ताई, हे तू नाही बोलत आहेस."

मी ओठांवर हात ठेवला. ओठ स्थिर होते. मला तरी तसंच वाटलं.

त्या दिवसापासून मी आरसा पालथा घातलाय.

पण मी दबणारी बाई नाही. तेव्हाच मी तिचे दोन्ही हात धरले. तिनं डोळे मिटले होते, तरी सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"तोमे, उभ्या जन्मात तू एकदाही खोटं बोलली नाहीस. तेवढं एक जमलं असतं, तर आपलं घर टिकलं असतं."