वाहत्या पाण्यातलं दूध

बत्तीस वर्षं नर्सगिरी केलेल्या बाईला किळस परवडत नाही. गू, मूत, पू, ओकाऱ्या, सगळं वनजानं उपसलं होतं आणि घरी जाऊन सारू-भातही पोटभर जेवली होती. पण नवजात कक्षातलं ते हात धुवायचं बेसिन तिला पाहवेना.

म्हैसूरच्या त्या खासगी इस्पितळात आठवड्यात दोन बाळं गेली होती. जंतू एकच, आणि एक सोडून कुठलंच औषध त्याला लागू पडेना. आता तिसरं बाळ मलूल झालं होतं. तुळसीची मुलगी, अकरा वर्षांनी झालेली, जेमतेम बाराशे ग्रॅमची. ते शेवटचं औषध तिला कालच सुरू झालं होतं. संसर्ग रोखणं हे वनजाचं काम, म्हणून जंतूचं घर शोधणंही तिच्याच गळ्यात.

इस्पितळानं आधी आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी केलं. भिंती रंगवल्या, पडदे जाळले, बिचाऱ्या झाडूवालीला घरी बसवलं. वनजा मात्र कापसाच्या काड्या घेऊन एकेक वस्तू पुसत गेली. काचपेट्या, नळ्या, नर्सांचे हात, सगळं स्वच्छ निघालं. राहिलं बेसिनचं भोक.

काडी आत गेली तेव्हा गार चिखल लागेल असं तिला वाटलं होतं. लागली ती ऊब. काहीतरी मऊ, बुळबुळीत काडीभोवती आवळलं, सुटलं, पुन्हा आवळलं. शेकडो बाळांच्या तोंडात बोट घालून वनजानं चोखण्याचा जोर पाहिला होता. तोच जोर होता हा. वर नासक्या दुधाचा भपकारा.

"इथे दूध कोण ओततं गं?" वनजानं काचपेटीशी बसलेल्या तुळसीला विचारलं.

"आम्ही सगळ्याच, अक्का," तुळसी म्हणाली. "पिळून उरलेलं. जमिनीवर सांडलं आणि मुंग्या लागल्या की दूध आटतं म्हणतात. वाहत्या पाण्यात सोडायचं. आमच्या नरसीपुरात नदी आहे, इथे नळच."

"अय्यो! हात धुवायची जागा ती! पोसलंत तुम्ही त्याला!"

तुळसीची आई नागरत्ना कोपऱ्यात बसली होती. "पोसलं ना? मग आता दूध तोडू नको, वनजक्का. बाळंतिणीच्या दारात कुणाला उपाशी ठेवू नये."

"सुम्ने, गप्प बसा हो, अम्मा," वनजा खेकसली.

त्याच दुपारी बेसिन उखडलं. वाकड्या नळीतून ओंजळभर गुलाबट शेंबूड निघाला. गवंड्यानं तो घमेल्यात टाकला आणि बाहेर जाऊन ओकून आला. वनजानं त्यावर अख्खी बाटली ब्लीच ओतलं. भिंतीतल्या नळीत सिमेंट भरलं. ओल्या सिमेंटला मधोमध खळगा पडे. गवंडी थापी फिरवी, खळगा पुन्हा पडे. सुकेपर्यंत वनजा तिथून हलली नाही.

तिसऱ्या दिवशी तुळसीच्या मुलीनं हातपाय हलवले. सगळ्या काड्या स्वच्छ आल्या. "जिंकलीस, वनजा," नवजात कक्षाचे डॉक्टर चिदंबर म्हणाले. वनजाला रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही.

त्याच संध्याकाळी तिचे स्तन दगडासारखे झाले.

वनजाचं वय चोपन्न. मूल कधी झालं नव्हतं, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. रक्ताच्या तपासण्यांत काही निघेना. पोलकं मात्र भिजे. कोमट, गोडूस वास येई, आणि स्वतःच्याच अंगाची तिला शिसारी येई. नझरबादच्या घरी तिनं छाती करकचून बांधली.

दुसऱ्या सकाळी तुळसीची मुलगी पुन्हा थंड पडली. श्वास दोनदा थांबला.

वनजानं दुपारी घरी येऊन फडकं सोडलं, ते केवळ दुखणं सोसवेना म्हणून. पिळलेलं दूध बेसिनमध्ये पडलं. आतून गिळल्याचा आवाज आला.

तासाभरात इस्पितळातून फोन. मुलीचा रंग परतला होता.

योगायोग. शिकलेली बाई, तिनं तसंच मानलं. खात्री करायला म्हणून एकदा, एकदाच, छाती पुन्हा बांधली.

त्या रात्री मुलीचा श्वास पुन्हा थांबला. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसानंतर बांधलीही नाही.

पुढे पिळणंही पुरेना.

महिन्यानं, रविवारी अकराच्या सुमारास तुळसीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "अक्का, अठराशे ग्रॅम भरली! उद्या घरी सोडतायत. तुमच्यामुळे वाचली हो."

"छान झालं गं," वनजा म्हणाली. नळ चालू होता. बेसिनच्या भोकाशी छाती धरून, वाकून तिची कंबर भरून आली होती. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि बाजू बदलली.