तिसऱ्या सेलचं रीडिंग

बॅटरीचं ॲसिड मोजायच्या हायड्रोमीटरच्या नळीतला तरंगक ११५० च्या रेषेवर थांबत होता आणि पुन्हा हलत होता. त्यात दोष ॲसिडचा नव्हता. नळी धरणारा हात थरथरत होता.

"तिसरा सेल गेला, मॅडम," प्रशांत म्हणाला. "नवी बॅटरी घ्यायला लागंल."

१९९८ चा डिसेंबर. डोळखांबजवळच्या आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवायचे. वसतिगृहाच्या दिव्यांची बॅटरी घेऊन किन्हवलीला त्याच्या चार्जिंगच्या दुकानात आले होते. सेलच्या तोंडाशी मला पाण्याचे ताजे थेंब दिसले.

"पाणी आत्ताच घातलंत?"

"हो... कमी होतं म्हणून."

"मग हे रीडिंग वरच्या पाण्याचं आहे. ते अजून ॲसिडमध्ये मिसळलेलं नाही. आधी चार्ज करा, थोडा वेळ जाऊ द्या, मग मोजा."

त्यानं डोळे बारीक केले. "दुकान माझं का तुमचं?"

"बॅटरी माझी."

दुसऱ्या दिवशी तिसरा सेल १२५० दाखवत होता, म्हणजे चांगला भरलेला.

"काल हात का थरथरत होता?" मी विचारलं.

"मॅडमसमोर परीक्षा — सवय नाय ना," तो हसला.

त्यानंतर दर महिन्याला बॅटरी तपासायला तो स्वतःच शाळेत येऊ लागला. सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, तो सांगायचा, मी वहीत लिहायचे. बॅटरी इतकी ठणठणीत होती, की एवढं तपासायची गरजच नव्हती. हे दोघांनाही ठाऊक होतं.

जूनमध्ये माझी मुरबाडला बदली झाली. ऑर्डर हातात होती, तेव्हाच त्यानं विचारलं, "संघरत्ना... लग्न करशील माझ्याशी?"

माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. मला भरून आलं. पण ते त्याच्यासाठी, की शाळा सुटतेय म्हणून, ते कळेना.

"पाणी घातल्या घातल्या मोजू नये," एवढंच म्हणाले.

तो समजला. पुन्हा विचारलं नाही. मुरबाडच्या वसतिगृहातही बॅटरी होती. सरळगावमार्गे मोटारसायकलवरून तो यायचा, सहा आकडे सांगायचा, चहा पिऊन जायचा. ऑगस्टमध्ये पुलावर पाणी आलं आणि त्याची फेरी चुकली. त्या महिन्याची ग्रॅव्हिटी मीच मोजली, नीट मोजली, आणि संध्याकाळपर्यंत फाटकाकडे बघत बसले. माझं उत्तर मला तेव्हाच मिळालं होतं. सांगायचं तेवढं राहून जात होतं.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी तो आला आणि थेट बॅटरीकडे गेला. सेलमध्ये पाणी घातलं आणि लगेच नळी बुडवली.

"अकराशे साठ."

"पुन्हा तीच चूक?"

"आज थांबायला टाइम नाय." तो नळीकडेच बघत होता. "आई उद्या वासिंदला नेतेय, मुलगी बघायला. पाच महिने टाळलं मी. आता काय सांगू तिला?"

तरंगक हलत होता... पहिल्या दिवशी हलला होता तसाच. मी त्याच्या हातातून हायड्रोमीटर काढून घेतला.

"सांग, वासिंदला नको. मुरबाडला चल म्हणावं — इथल्या मुलीचा होकार आहे."